नस सुकली, पण कशाने?

सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागातून असो किंवा शहरातील खासगी दवाखान्यातून असो, बाहेर पडणाऱ्या केसपेपरांवर एक शेरा पिढ्यान्‌पिढ्या लिहिला जात आला आहे. कागदावर तो 'ऑप्टिक अ‍ॅट्रोफी' असा असतो आणि रुग्णाला 'तुमच्या डोळ्याची नस सुकली आहे, आता चष्म्याने किंवा ऑपरेशनने काही व्हायचे नाही' अशा शब्दांत सांगितला जातो. रुग्ण तो अंतिम निकाल समजून स्वीकारतो, नातेवाईक नशिबाला बोल लावीत गावची एसटी धरतात, आणि ज्या कागदापासून खरे तर तपासाला आरंभ व्हावयाचा तोच कागद दफ्तरदाखल होतो. मज्जातंतू सुकणे हा रोग नव्हे, तो कोणत्यातरी रोगाचा परिणाम होय. आणि परिणाम नोंदवून कारणाचा रकाना कोरा ठेवणे म्हणजे पंचनाम्यात 'इसम मृत आढळला' एवढेच लिहून तपास बंद करण्यासारखे आहे. या कोऱ्या रकान्यामुळे ज्यांचे भरून न येणारे नुकसान होते त्यांत दृष्टीच्या मज्जातंतूवर वाढणाऱ्या गाठींचे रुग्ण आहेत, आणि त्यांची कैफियत मांडणारे सहसा कोणी नसते.

या गाठी विरळा आहेत, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. नस सुकण्याची कारणे अनेक आहेत. काचबिंदू आहे, डोक्याला बसलेला मार आहे, रक्तपुरवठ्यात पडलेला खंड आहे, तंबाखू व विषारी दारू आहे, आणि आपल्या देशात विसरता न येणारे असे क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल हे औषधही आहे. सबब प्रत्येक अंधुक डोळ्यामागे गाठ आहे असा गवगवा करणे हे अज्ञानाचे आणि काहीसे निर्दयतेचेही लक्षण ठरेल. पण विरळा आहे म्हणून शोधावयाचेच नाही, असा जो एक अलिखित दंडक आपल्या गर्दीच्या दवाखान्यांत रूढ झाला आहे, त्याला माझी हरकत आहे; कारण या गाठी शोधण्याचा पहिला टप्पा महागड्या यंत्रांचा नाही, तो विजेरीचा आणि एका मिनिटाच्या अवधानाचा आहे.

नेत्रगोलाच्या पाठीमागून निघणारा हा मज्जातंतू जेमतेम पाच सेंटिमीटर लांबीचा असतो आणि त्यात दहा-बारा लाख सूक्ष्म तंतूंची जुडी असते. डोळा चहूकडे फिरावा म्हणून खोबणीतून जाताना तो किंचित ढिला, वळसा घेतलेला असतो; पुढे हाडाच्या एका चिंचोळ्या बोगद्यातून तो कवटीत शिरतो आणि दुसऱ्या डोळ्याकडून आलेल्या आपल्या जोडीदारास मिळतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो हातापायांतील मज्जातंतूंसारखा नाही. तो मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, मेंदूवरील आवरणेच त्याच्यावर म्यानासारखी चढलेली असतात, आणि मेंदूप्रमाणेच तोही एकदा नष्ट झाला की पुन्हा उगवत नाही. विलंबाची किंमत इतकी जबर का, याचे उत्तर या शेवटच्या बाबीत आहे.

त्या म्यानाच्या अस्तरातून जी गाठ वाढते ती मेनिन्जिओमा. ती बहुधा कर्करोगाच्या जातीची नसते, शरीरात अन्यत्र पसरत नाही, जीव घेत नाही. ती फक्त आपल्या संथ गतीने मज्जातंतूला आवळीत जाते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ती अधिक आढळते आणि तिचे वय बहुधा चाळीस-पन्नाशीचे, म्हणजे नेमके त्या वयाचे, ज्या वयात आपल्याकडे प्रत्येकाला चाळिशी लागते. हा योगायोग मोठा घातक आहे. पोळपाटाशी उभी राहून किंवा शाळेत फळ्यापुढे उभी राहून दिवस काढणारी बाई 'एका डोळ्याने जरा मळकट दिसते' असे म्हणते, तेव्हा घरचे आणि कोपऱ्यावरचा चष्मेवालाही तिची बोळवण चाळिशीवर करतात. चाळिशी दोन्ही डोळ्यांना बरोबर लागते, ती जवळचे दिसणे बिघडवते आणि काचेने सुधारते. ही अंधारी मात्र एकाच डोळ्याची असते, ती दूर-जवळ पाहत नाही, काचेला दाद देत नाही आणि अक्षरांच्या आधी रंग पळवते, हा भेद कोणी सांगत नाही. दुखत नाही, लाली नाही, पाणी येत नाही. तेव्हा तक्रारीला वजनही येत नाही. काहींना एका विशिष्ट बाजूस नजर वळवली की त्या डोळ्यापुढे क्षणभर काळोख येतो आणि नजर सरळ केली की तो ओसरतो. खोबणीतील गाठीची ही अत्यंत बोलकी खूण आहे, परंतु ती विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारावयास सवड नसते.

ही कहाणी केवळ आपल्याच गर्दीची आणि दारिद्र्याची आहे असे मानून हात झटकता येणार नाहीत. अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी आपल्याकडील या मेनिन्जिओमाच्या ३५ रुग्णांच्या कागदपत्रांची छाननी करून २०१९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते वाचून कोणाचाही यंत्रविश्वास डळमळावा. ३५ पैकी २५ रुग्णांचे आधी चुकीचे निदान झाले होते. योग्य निदानास झालेला विलंब सरासरीने पाच वर्षांहून अधिक होता. आणि चुकीच्या नावांत सर्वांत वरचे नाव मज्जातंतूच्या दाहाचे होते. ज्या देशात एमआरआयची वाण नाही तेथे हे घडले. चुकांचे मूळ यंत्राच्या अभावात नव्हते, तर कैफियत ऐकून, तपासून, शंका घेण्याच्या क्रियेत होते. आणि ज्यांची चित्रे काढली होती त्यांतही कित्येकदा ती अपुरी काढलेली किंवा नीट न वाचलेली निघाली.

दाहाशी ही गल्लत का होते आणि ती कशी टाळावी, हा भाग जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. मज्जातंतूचा दाह हा तुलनेने तरुण वयाचा विकार. दृष्टी काही दिवसांत झपाट्याने उतरते, डोळा फिरवताना मागे दुखते, आणि महत्त्वाचे म्हणजे पुढील काही आठवड्यांत ती पुष्कळशी परतही येते. १९९२ साली ज्याचे फलित प्रसिद्ध झाले त्या अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या चाचणीत ज्यांना निव्वळ नकली गोळ्या दिल्या होत्या त्यांच्यापैकीही बहुतेकांची दृष्टी पाच आठवड्यांच्या आत सुधारू लागली होती. म्हणजे काळ हाच येथे एक परीक्षक आहे. ज्याची दृष्टी हप्त्याहप्त्याने उतरत गेली, दुखले नाही, आणि महिना-दीड महिना उलटूनही जी तसूभर सुधारली नाही, त्याच्या कागदावरील 'दाह' हा शब्द मुदत संपलेला समजून खोडला पाहिजे. तसे न करता आपल्याकडे स्टेरॉइडच्या गोळ्यांचा दुसरा आणि तिसरा फेरा दिला जातो. आणि त्यातही फसगत अशी की गाठीभोवतीची सूज उतरल्याने त्या गोळ्यांनी कधीकधी चार दिवस बरेही वाटते. औषध चालू तोवर दिसते आणि बंद करताच पुन्हा मावळते, अशी ज्याची तक्रार आहे तो रुग्ण औषध वाढवून मिळावे म्हणून आलेला नसतो. त्याचे निदान पुन्हा तपासले जावे, एवढाच त्याच्या तक्रारीचा अर्थ असतो.

आता त्या विजेरीकडे वळू. खोली अंधारी करावी, रुग्णास दूरच्या भिंतीकडे पाहावयास सांगावे, आणि उजेड एका डोळ्यावर दोन-तीन सेकंद धरावा. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदम आकुंचित होतात. मग उजेड झटकन नाकावरून दुसऱ्या डोळ्यावर न्यावा. दोन्ही मज्जातंतू निरोगी असतील तर दुसरी बाहुली लहानच राहते. परंतु त्या बाजूचा मज्जातंतू दुबळा झाला असेल तर एक विपरीत दृश्य दिसते: प्रखर उजेड समोर असताना ती बाहुली आकसण्याऐवजी विस्फारू लागते, कारण त्या डोळ्याकडून मेंदूला उजेडाची वार्ताच कमी पोहोचते. मार्कस गन यांनी १९०२ साली अशा बाहुलीचे वर्णन केले आणि पॉल लेव्हॅटिन यांनी १९५९ साली विजेरी झुलवण्याची ही रीत मांडली. दोन्ही डोळे सारखेच बिघडले असतील तर ही परीक्षा मुकी होते, हे खरे. पण एका डोळ्याच्या तक्रारीत तिच्याइतका निःस्पृह साक्षीदार नाही, कारण रुग्णाला तेथे काही सांगावेच लागत नाही आणि खोटे बोलताही येत नाही.

आणि नेमकी हीच परीक्षा आपल्या दवाखान्यांतून हद्दपार झाली आहे, ती अज्ञानाने नव्हे तर व्यवस्थेने. ज्याने नेत्रविभागाचा ओसंडणारा बाक पाहिला आहे त्याला हे दृश्य परिचित असेल: डॉक्टरांपुढे जाण्यापूर्वीच सहायक रांगेतून फिरतो, प्रत्येकाची मान मागे करतो, डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकतो आणि 'अर्धा तास डोळे मिटून बसा' असे फर्मावतो. डॉक्टरांची पाळी येते तेव्हा पडदा उत्तम दिसतो, काम झपाट्याने उरकते, परंतु औषधाने जखडलेली बाहुली आता उजेडाला काहीच जबाब देत नाही. साक्षीदाराची जबानी घेण्याच्या आधीच त्याचे तोंड बंद झालेले असते. ज्या थेंबांनी हे घडते त्यांच्या बाटलीला पुष्कळदा लाल टोपण असते, आणि गंमत अशी की तेच टोपण एकदा उजव्या व एकदा डाव्या डोळ्यापुढे धरून 'दोन्हीकडे सारखेच लाल दिसते काय' एवढे विचारले तरी मज्जातंतूच्या दुखण्याचा सुगावा लागतो. दुबळ्या डोळ्याला ते विटकरी किंवा फिके दिसते. जपानच्या शिनोबू इशिहारा यांची १९१७ सालची ठिपक्यांची पुस्तिका तर बहुतेक नेत्रविभागांत कपाटात असतेच. ती वाहनचालकाच्या परवान्यापुरती बाहेर निघते, हा भाग निराळा.

या एका मिनिटाच्या परीक्षेचा मोतीबिंदूशीही संबंध आहे. मोतीबिंदू कितीही पिकलेला असो, त्याने बाहुलीची ही उलटी हालचाल होत नाही; चष्म्याच्या नंबरानेही होत नाही. म्हणून ज्या डोळ्यात मोतीबिंदूही आहे आणि बाहुलीही विजेरीपुढे विस्फारते, तेथे मोतीबिंदूच्या मागे आणखी काही दडलेले आहे हे शस्त्रक्रियेपूर्वीच कळते. 'ऑपरेशन चांगले झाले, पण मूळची नसच कमजोर होती' हे वाक्य किती कुटुंबांनी शस्त्रक्रियेनंतर ऐकले असेल! ते आधी ऐकण्याचा त्यांचा हक्क होता.

शंका बळावली म्हणजे यंत्राची पाळी येते, आणि येथे दुसरी एक हलगर्जी वाट अडवते. १९७१ साली लंडनजवळच्या रुग्णालयात हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले त्यापूर्वी डॉक्टरांना क्ष-किरणांच्या साध्या फिल्मवर हाडाचा तो चिंचोळा बोगदा रुंदावला आहे काय एवढे पाहून अनुमान करावे लागे. आज एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध झाला आहे. पण यंत्राला जे विचाराल तेवढेच ते सांगते. चिठ्ठीवर नुसते 'मेंदूचा एमआरआय' असे लिहिले की मेंदूचे जाडजाड काप घेतले जातात, आणि अवघ्या तीन-चार मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू दोन कापांमध्ये निसटतो. शिवाय डोळ्याची खोबण चरबीने भरलेली असते. नेहमीच्या चित्रात ती चरबी पांढरी चकाकते आणि शिरेतून दिलेल्या रंगद्रव्याने उजळलेली गाठही पांढरीच दिसते, तेव्हा पांढऱ्यावर पांढरे कोणाला दिसणार? म्हणून चिठ्ठीवर तीन गोष्टी स्वच्छ अक्षरांत असाव्या लागतात: डोळ्यांच्या खोबणींचे पातळ काप, कॉन्ट्रास्ट, आणि चरबीची चमक दाबणारी पद्धत. असे चित्र निघाले की मेनिन्जिओमात काळसर मज्जातंतूच्या दोन्ही अंगांनी रुळांसारख्या दोन पांढऱ्या रेघा धावताना दिसतात, आणि मुलांत आढळणाऱ्या ग्लायोमा या दुसऱ्या गाठीत मज्जातंतू स्वतःच फुगून चातीसारखा झालेला दिसतो. ज्यांच्या हाती 'मेंदू सर्वसाधारण' असा अहवाल देऊन त्यांना घरी पाठवले जाते, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत तो अहवाल खोटा नसतो. प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

एवढा आटापिटा करून निदान झाले तरी डोळा वाचतो काय, अशी शंका वाचकाच्या मनात येईल. प्रामाणिक उत्तर असे की गेलेली दृष्टी बहुधा परतत नाही, उरलेली पुष्कळदा राखता येते. म्यानावरची गाठ कापून काढावी म्हटले तर मज्जातंतूचा रक्तपुरवठा तिच्याशी इतका गुंतलेला असतो की गाठीबरोबर दृष्टीही जाते. तुकडा काढून तपासण्यातही तोच धोका आहे. म्हणून येथे निदान बहुतांशी चित्रावर आणि चिकित्सकाच्या विवेकावर करावे लागते. दृष्टी स्थिर असेल तर ठराविक अंतराने तपासणी, दृष्टिक्षेत्राचा आलेख, आणि उतरू लागली की अचूक नेम धरून थोड्याथोड्या मात्रांत कित्येक आठवडे दिलेले किरणोपचार, हा आजचा मान्य मार्ग आहे. त्या उपचारांची सोय महाराष्ट्रात आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील संस्थेत तर २०२३ पासून प्रोटॉन किरणांचेही उपचार सुरू झाले आहेत. खारघरला प्रोटॉन आणि तालुक्याच्या रुग्णालयात विजेरीचा सेल संपलेला, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची आजची तऱ्हा आहे.

मुलांची बाब वेगळी आणि अधिक नाजूक आहे. त्यांच्यात आढळणारा ग्लायोमा हा बहुधा दहा वर्षांच्या आतला, सौम्य प्रकृतीचा असतो आणि त्याचा न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराशी निकटचा संबंध आहे. या विकाराच्या पहिल्या प्रकारातील मुलांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांच्या दृष्टिमार्गावर अशी गाठ निघते. विकाराची खूण अंगावरच लिहिलेली असते: दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, ज्यांना घरात जन्मखुणा म्हणून कौतुकाने मिरवले जाते. मूल तक्रार करीत नाही, कारण एका डोळ्याने कमी दिसणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. डोळा तिरळा होतो, आणि आपल्याकडे तिरळेपणा भाग्याचा मानणारी मंडळी अद्याप आहेत. डोळा किंचित पुढे येतो. कधी मूल टीव्हीपुढे मान वाकडी करून बसते. गाठ मेंदूच्या तळाशी पोहोचली असेल तर वय होण्यापूर्वीच तारुण्याची लक्षणे दिसू लागतात. येथे उतावीळपणाही तितकाच वर्ज्य आहे. यांतल्या कित्येक गाठी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात, काही तर आपोआप आटतात; म्हणून डाग दिसले की लगोलग एमआरआय असे न करता लहानपणी दरवर्षी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टी व बाहुली तपासणे आणि दृष्टी उतरल्याचा पुरावा मिळाला तरच रसायनोपचारांकडे वळणे, असा जाणत्यांचा कल आहे. या मुलांत किरणोपचार तर शक्यतो टाळलेच जातात, कारण त्यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आणि पुढे दुसऱ्या गाठी उद्भवण्याचा संभव वाढतो.

शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्याची पथके शाळेशाळेतून जातात, दृष्टिदोषाची नोंद करतात. त्या नोंदीत प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून तपासला काय आणि अंगावरील डाग पाहिले काय, या दोन प्रश्नांची खातरजमा व्हावी अशी मागणी करण्यात अवास्तव काही नाही. मोठ्यांच्या बाबतीत मागणी याहूनही साधी आहे. बाहुली तपासून नोंदवल्याशिवाय कोणाच्याही डोळ्यात विस्फारक थेंब टाकू नयेत, आणि नस सुकल्याच्या प्रत्येक शेऱ्यापुढे कारण किंवा 'कारण अज्ञात, पुढील तपासास पाठविले' असा खुलासा असावा, अशी सक्ती आरोग्य विभागाने परिपत्रकाने करावी. सवड कोठे आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि शंभर रुग्णांच्या रांगेपुढे बसलेल्या डॉक्टरविषयी मला सहानुभूतीही आहे. परंतु ही विजेरीची परीक्षा डॉक्टरनेच केली पाहिजे असे नाही. थेंब टाकणाऱ्या सहायकास ती शिकवता येते.

वाचकांस एवढीच विनंती की महिन्यातून एकदा एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयाचे तांबडे आकडे वाचावेत, मग दुसरा झाकून तेच आकडे पुन्हा वाचावेत. एका बाजूला तांबडा फिका वाटला तर चष्मेवाल्याकडे न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि थेंब टाकण्यापूर्वी बाहुली तपासावयास सांगावे. ज्यांच्या घरात नस सुकल्याचा शेरा पूर्वीच मिळालेला आहे त्यांनी जुने केसपेपर, फिल्म आणि सीडी रद्दीत घालू नयेत. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशी आजचे चित्र ताडून पाहिले तरच गाठ वाढते आहे की स्थिर आहे, हे ठरवता येते.